कवळीलाही रात्रीची सुटी हवी

सगळे दात काढले, कवळी बसवली, आता दातांची कटकट संपली, असे अनेक घरांत मानले जाते. कवळीला कीड लागत नाही हे खरे. पण तिच्याखालची हिरडी, टाळू आणि जबड्याचे हाड जिवंत असतात. त्यांची निगा राखावीच लागते.

कवळी लावूनच झोपण्याची सवय सर्वांत घातक. दिवसभर तिच्याखाली अन्नाचे कण अडकतात आणि त्यांवर जंतू व कॅन्डिडा नावाची बुरशी वाढते. रात्री लाळ कमी सुटत असल्याने त्यांचे आणखी फावते. टाळू लाल होतो, ओठांचे कोपरे चिरतात. झोपेत ही जंतूंनी भरलेली लाळ नकळत श्वासनलिकेतही उतरू शकते. जपानमध्ये ८५ वर्षे व त्यापुढील ५२४ ज्येष्ठांची तीन वर्षे पाहणी झाली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, कवळी लावून झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचा धोका दुपटीहून अधिक आढळला. कवळी हेच एकमेव कारण, असे त्यावरून म्हणता येणार नाही. पण या वयात न्यूमोनिया जिवावर बेततो आणि कवळी काढून ठेवायला एक पैसाही लागत नाही.

निगा सोपी आहे. प्रत्येक जेवणानंतर कवळी धुवावी. रात्री मऊ ब्रश आणि सौम्य साबणाने घासून साध्या पाण्यात बुडवून ठेवावी. टूथपेस्टने तिच्यावर बारीक चरे पडतात आणि तिथे जंतू घर करतात. उकळत्या पाण्याने तिचा आकार बिघडतो. धुताना बेसिनमध्ये थोडे पाणी साठवावे, म्हणजे हातातून निसटली तरी फुटणार नाही. हिरड्या आणि जीभही ओल्या स्वच्छ कापडाने पुसाव्यात.

दात गेल्यावर जबड्याचे हाड हळूहळू झिजते, त्यामुळे घट्ट बसणारी कवळीही काही वर्षांनी सैल होते. मग आजी भाकरी, काकडी, शेंगदाणे सोडून नुसत्या पेजेवर येतात, वजन उतरते आणि घरचे म्हणतात, वय झाले! अशा वेळी दंतवैद्याकडून कवळीला आतून नवे अस्तर लावून घ्यावे किंवा ती बदलावी. घरी कानशीने घासू नये.

इम्प्लांट म्हणजे जबड्यात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले. खालची कवळी जिभेच्या हालचालीने सारखी उचलली जाते. दोन इम्प्लांटचा आधारही तिला स्थिर करतो. मात्र इम्प्लांटभोवतीची हिरडी सुजून हाड झिजू शकते. आटोक्यात नसलेला मधुमेह, तंबाखू व धूम्रपान हा धोका वाढवतात. म्हणून तिथेही रोजची सफाई आणि ठरावीक तपासणी चुकवू नये. इम्प्लांटवरची काढता येणारी कवळीही रात्री काढावी.

तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर ‘कवळी लागली असेल’ म्हणून थांबू नका. तंबाखू किंवा मशेरीची सवय असेल तर कर्करोगाची शंका आधी दूर करून घ्या.

घरातील ज्येष्ठांना बीपी-शुगरच्या गोळ्या घेतल्या का, हे आपण रोज विचारतो. झोपण्यापूर्वी कवळी काढली का, हेही विचारू या.