फिट लिहिले म्हणजे बरा झाला काय?

साथींनो, २०२० सालची टाळेबंदी आपण विसरलेलो नाही. देश घरात बसला होता, तेव्हा मालगाड्या थांबल्या नाहीत. १ मे २०२० पासून श्रमिक गाड्या सुटल्या. टपाल कामगारांनी औषधे आणि पेन्शन दारोदार पोचवली. कोरोनाने मृत्यू पावलेल्या टपाल कामगारांच्या वारसांना १० लाख रुपये जाहीर झाले, ते योग्यच झाले. पण जो वाचला आणि ज्याचा दम मात्र परत आला नाही, त्याचे काय?

हा आजार आमच्या कल्पनेतला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याची व्याख्या केली: कोरोना सुरू झाल्यापासून साधारण ३ महिन्यांनी आढळणारी, किमान २ महिने टिकणारी आणि दुसरे कारण न सापडणारी लक्षणे. थकवा, धाप, विसर पडणे ही त्यातली मुख्य. दर १०० बाधितांपैकी सुमारे ६ जणांना हा त्रास होतो, असे ती संघटना सांगते. पुष्कळदा एक्स-रे साफ येतो. मग साहेब म्हणतात, हा कामचोर.

गँगमन एक दिवस रेटून काम करतो आणि पुढचे दोन दिवस त्याला अंथरुणातून उठवत नाही. श्रमानंतर एक-दोन दिवसांनी त्रास उफाळणे, हेच या आजाराचे लक्षण आहे. अशा माणसाला ‘काम कर, सवय होईल’ सांगणे म्हणजे दुखणे वाढवणे. सॉर्टरची चूक एका पत्राला भोवते. लोको पायलटचे लक्ष ढळले तर साऱ्या गाडीला.

रजेचा गैरफायदा कोणीच घेत नाही, असे आम्ही म्हणत नाही. पण दोघांच्या ढोंगापायी दहा आजाऱ्यांना शिक्षा नको. नोकरीत अपंगत्व आलेल्याला २०१६ च्या कायद्याचे संरक्षण आहे. पण या दमछाकीला अपंगत्वाचा दाखला देणार कोण?

म्हणून आमची मागणी साधी आहे. फिट दिल्यावरही ठरावीक मुदतीने फेरतपासणी व्हावी. काम हळूहळू वाढवत द्यावे. हलके काम देताना पगार कापू नये.

आणि सभासदांनो, त्रास लपवू नका. टीबी, हृदय, मधुमेह, रक्तक्षय यांची तपासणी आधी करून घ्या, कारण प्रत्येक धाप कोरोनाचीच नसते. डॉक्टरांकडून त्रासाची कागदावर नोंद करून घ्या आणि त्याची प्रत शाखेत द्या. तोंडी तक्रार हवेत विरते. कागद हाती असला तर युनियन भांडू शकते.