गिअर बदलण्याआधी केबल बदला

पावसाळा सरत आला की सायकलच्या दुकानांत एक प्रश्न हमखास कानावर येतो, आणि या स्तंभाच्या वाचकांकडूनही तोच येतो: इलेक्ट्रॉनिक गिअर बसवून घ्यावेत का? सध्या या प्रश्नाला जास्तच धार आली आहे. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही चार वर्षांतून एकदा होणारी १२०० किलोमीटरची राइड २०२७ मध्ये पुन्हा आहे. तिला पात्र ठरायचं तर त्याच वर्षात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या बीआरएम राइड ठरलेल्या वेळेत पुऱ्या कराव्या लागतात. ज्यांच्या मनात ती राइड आहे, ते आतापासूनच सायकलीत काय बदलायचं याचा हिशेब मांडू लागलेत.

माझं मत आधीच सांगून टाकते. धडधाकट सायकलीवरचे ११ स्पीडचे मेकॅनिकल गिअर काढून तिथे इलेक्ट्रॉनिक बसवू नका. नवीच सायकल घेणार असाल आणि पैशांची सोय असेल, तर मात्र इलेक्ट्रॉनिक घ्या. आणि हात दुखत असतील, बोटं बधिर होत असतील, तर ही दोन्ही वाक्यं बाजूला ठेवून थेट खालचा हातांचा भाग वाचा.

हे जुन्याला चिकटून बसणाऱ्यांचं मत नव्हे. नव्या गिअरला विरोध करणारे सायकलिंगमध्ये पहिल्यापासून आहेत. टूर द फ्रान्स सुरू करणाऱ्या आंरी देग्रांज यांनी तर स्पर्धेत चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा डिरेलर येऊच दिला नाही. त्याला १९३७ साल उजाडावं लागलं. इलेक्ट्रॉनिक गिअरचीही सुरुवात अडखळतच झाली. मॅविक या फ्रेंच कंपनीने १९९२ मध्ये झॅप आणि १९९९ मध्ये मेक्ट्रॉनिक आणला, दोन्ही भरवशाचे ठरले नाहीत. २००९ मध्ये शिमानोचा ड्यूरा-एस डीआयटू आला आणि चित्र पालटलं. २०११ मध्ये कॅम्पाग्नोलो, २०१५ मध्ये स्रॅमचा पूर्ण वायरलेस ईटॅप, आणि २०२२ मध्ये शिमानोने हेच तंत्र १०५ या मधल्या पायरीवर आणलं. तेव्हापासून हा प्रश्न तुमच्या-माझ्यासारख्यांचा झाला.

वस्तू खरोखरच चांगली आहे. मेकॅनिकलमध्ये लिव्हर दाबला की तार ओढली जाते किंवा सुटते आणि तेवढ्या अंतराने डिरेलर सरकतो. इलेक्ट्रॉनिकमध्ये बटण दाबलं की डिरेलरमधली मोटर सरकते, दर वेळी नेमकी तेवढीच. मागे चेन कुठल्या चकतीवर आहे त्याप्रमाणे पुढचा डिरेलर स्वतःला किंचित सरकवून घेतो, त्यामुळे चेन घासल्याची ती कटकट संपते.

पण ज्या तक्रारी घेऊन लोक इलेक्ट्रॉनिककडे वळतात, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ केबलच्या वयात असतं. लक्षण ओळखायला सोपं आहे. मोठ्या चकतीकडे जाताना गिअर बरोबर पडतो, कारण तिथे तुम्ही जोर लावून तार ओढत असता. लहान चकतीकडे परतताना तो रेंगाळतो, कारण तिथे तुम्ही तार फक्त सोडता आणि ती खेचायचं काम डिरेलरच्या स्प्रिंगचं असतं. आउटरमध्ये, म्हणजे तारेवरच्या नळीत, रुतलेली तार स्प्रिंगला दाद देत नाही. मागच्या डिरेलरपाशी आउटर वळसा घेऊन आत शिरतो, तो वीतभर तुकडा एकदा सोडवून बघा. कोकणात पावसात एक मोठी राइड झाली असेल, तर त्यातून लालसर चिखलपाणी निघतं आणि तार बाहेर काढताना खरखरते. सगळी मेख त्या वीतभर तुकड्यात असते.

दुसरी जागा उजव्या शिफ्टरच्या आत. रबरी हूड मागे सरकवून ब्रेकचा लिव्हर दाबला की तारेचं डोकं बसतं ती खाच दिसते. त्याच्या जवळच तार घट्ट वळण घेते आणि तिथे तिचा एकेक धागा तुटत जातो. तुटलेली टोकं बोटाला सुईसारखी टोचतात. शिमानोच्या ११ स्पीड शिफ्टरचं हे जुनं दुखणं आहे. वेळीच लक्ष दिलं तर तार आणि आउटर मजुरीसकट दोन-तीन हजारांत नवे होतात. दुर्लक्ष केलं तर डोकं आत अडकून बसतं आणि ते काढताना चांगल्या मेकॅनिकलाही घाम फुटतो. त्याच बैठकीत हँगर सरळ करून घ्या. डिरेलर ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर लटकतो, ती सायकल उजवीकडे एकदा जरी पडली तरी वाकते. इलेक्ट्रॉनिक डिरेलरही त्याच पट्टीवर लटकतो. हँगर वाकडा असेल तर लाखाचा गिअरसुद्धा चकत्यांमध्ये अडखळणारच.

दुसरी तक्रार असते घाटाची. "सिंहगडाला गिअर पुरत नाही" असं म्हणणाऱ्याला बटण देऊन काय उपयोग? त्याला हवी मोठी चकती. पुढे ५०-३४ आणि मागे ११-२८ असेल, तर सर्वांत हलक्या गिअरमध्ये मिनिटाला ७० फेऱ्या मारताना वेग साधारण १०.७ किलोमीटर पडतो. चढावर तेवढा वेग झेपत नसेल तर फेऱ्या कमी होतात, पाय जड पडतात आणि गुडघे बोलू लागतात. मागे ११-३४ लावा, त्याच ७० फेऱ्यांना वेग ८.८ वर येतो. पसरणी किंवा आंबेनळी चढताना हा फरक पोटऱ्यांना लगेच कळतो. फक्त डिरेलर लांब पिंजऱ्याचा आहे ना, हे तपासून घ्या; १०५ च्या आर७००० मालिकेत आखूड पिंजरा ३० दातांपर्यंतच चालतो, ३४ साठी लांब पिंजराच लागतो. चेनही नवी आणि थोडी जास्त लांबीची हवी. हा खर्च इलेक्ट्रॉनिक ग्रुपसेटच्या तुलनेत अगदी किरकोळ आहे आणि फायदा प्रत्येक घाटात मिळतो.

आता हात. इलेक्ट्रॉनिकच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा मला हाच वाटतो आणि जाहिरातींत तो जवळजवळ कुठेच नसतो. तिथे वेग आणि शर्यतीच असतात. चारशेच्या बीआरएमला २७ तास असतात, सहाशेला ४०. इतका वेळ तळहाताच्या बाहेरच्या कडेवर भार राहिला की मनगटातून जाणारी नस दाबली जाते. करंगळी आणि अनामिका आधी मुंग्या येऊन, मग बधिर होऊन साथ सोडतात. बऱ्याच जणांना राइड संपल्यावरही काही आठवडे शर्टाची बटणं लावायला त्रास होतो. अशा हाताने मेकॅनिकलचा डावा लिव्हर आत ढकलून चेन पुढच्या मोठ्या चकतीवर चढवायची, हे काम पहाटे तीनला फार जड जातं. मग माणूस मोठ्या चकतीला हातच लावत नाही, उतारावरही छोट्या चकतीवर पाय फिरवत राहतो आणि वाटेतल्या कंट्रोलवर, म्हणजे वेळ नोंदवायच्या ठिकाणी, पोचायला उशीर होतो. मी हे कितीतरी रायडरांच्या बाबतीत पाहिलं आहे, आणि त्यांत कच्चे रायडर कमी असतात.

लहान हातांच्या स्त्रियांना तर हे पहिल्या पन्नास किलोमीटरपासूनच जाणवतं, कारण लिव्हर मुळात दूर असतो आणि त्याचा फेकही मोठा. संधिवात, मनगटाचं जुनं फ्रॅक्चर, मधुमेहामुळे बोटांतली कमी झालेली जाणीव, यांतलं काहीही असेल तर बटणाने गिअर बदलणं ही चैन नव्हे. त्या माणसासाठी सायकल चालू राहणं आणि बंद पडणं यातला तो फरक आहे. साठीच्या पुढच्या रायडरांनी मला सल्ला विचारला, तर मी केबलचं नाव न काढता सरळ इलेक्ट्रॉनिक घ्या म्हणते.

हातांसाठी घेणाऱ्यांनी एक बारकावा मात्र दुकानदाराला विचारायलाच हवा. डीआयटूमध्ये हँडलबारवर दुसऱ्या जागी जादा बटणं लावता येतात, म्हणजे वरच्या सपाट भागावर हात ठेवूनही गिअर बदलतो. १०५ च्या वरची पायरी असलेल्या अल्टेग्राच्या १२ स्पीड शिफ्टरला त्यासाठी जोडणी आहे. १०५ च्या आर७१७० शिफ्टरला ती नाही. ज्याला हात सतत हलवत ठेवायचे आहेत, त्याच्यासाठी दोन पायऱ्यांमधला हा फरक वजनाच्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे. बटण एकच दाबायचं आणि पुढची चकती कधी बदलायची ते गिअरनेच ठरवायचं, अशी सोयही डीआयटूमध्ये ॲपवरून चालू करता येते. ती मात्र १०५ मध्येही आहे.

राहिली भीती बंद पडण्याची. "ताम्हिणीत बॅटरी संपली तर?" हा प्रश्न रास्त आहे, पण उत्तर वाटतं तितकं भयंकर नाही. १२ स्पीड डीआयटूची बॅटरी एका चार्जमध्ये साधारण हजार किलोमीटर जाते, असं शिमानो सांगते. संपत आली की आधी पुढचा डिरेलर थांबतो, मागचा आणखी काही काळ चालतो, म्हणजे सूचना मिळते. स्रॅममध्ये दोन्ही डिरेलरांच्या बॅटऱ्या सारख्याच असतात. मागची संपली तर पुढची काढून मागे लावायची. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस १२०० किलोमीटरची आहे, त्यामुळे डीआयटूवाल्याने वाटेत एकदा चार्जिंगची सोय धरून ठेवावी. चार्जिंगची पिन मागच्या डिरेलरमध्ये जाते आणि ती वायर खास त्याचीच असते. फोनची चालत नाही. ती विसरली तर जवळच्या पॉवर बँकेचा काही उपयोग नाही.

मेकॅनिकलची तार तुटली तर मागचा डिरेलर थेट सर्वांत लहान चकतीवर जाऊन बसतो. ११ दातांवर कुठलाही घाट चढत नाही. पण तिथेही जुगाड आहे. लिमिट स्क्रू आत पिळून चेन एक-दोन चकत्या वर आणता येते, किंवा तारेचा उरलेला तुकडा ओढून बाटलीच्या पिंजऱ्याच्या स्क्रूला आवळला की मधली एखादी चकती पकडून घरी जाता येतं. वाटेत एखाद्या गावात सायकलचं साधं दुकान सापडलं, तर गिअरची तार मिळण्याची आशाही असते. इलेक्ट्रॉनिक डिरेलर दगडावर आपटून मोटर गेली, तर त्याला पुण्या-मुंबईतही दुरुस्ती नाही; नवा मागवावा लागतो आणि त्याची किंमत मेकॅनिकलच्या कित्येक पट असते. त्या तुलनेत पावसाची बाजू मात्र इलेक्ट्रॉनिकचीच आहे, कारण तिथे पाणी शिरायला आउटर नसतो आणि मोटरी चांगल्या बंदिस्त असतात.

सॉफ्टवेअरचाही विचार हवा. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांच्या संशोधकांनी शिमानोचा वायरलेस संदेश टिपून आणि पुन्हा प्रसारित करून दुसऱ्याच्या सायकलीचा गिअर बदलून दाखवला; कंपनीला त्यावर अपडेट काढावं लागलं. रविवारी खडकवासल्याला जाणाऱ्याला यातून धोका नाही. पण गिअरला आता फोनसारखी अपडेट लागते, आणि ज्या दिवशी ती मिळायची थांबेल त्या दिवशी काय, हा प्रश्न वीस वर्षं एकच सायकल वापरणाऱ्याने विचारायलाच हवा.

चालत्या सायकलीवर इलेक्ट्रॉनिक नको म्हणते त्याचं सर्वांत मोठं कारण बसवणुकीचं आहे. १०५ डीआयटू फक्त डिस्क ब्रेकसाठी येतो. तुमची फ्रेम रिम ब्रेकची असेल तर तो विषय तिथेच संपला. डिस्क असली तरी शिफ्टर, दोन्ही डिरेलर, कॅसेट, चेन, बॅटरी, सगळंच नवं येतं. आपल्या बाजारात हा आकडा लाखाच्या पुढे जातो. जुन्या ११ स्पीड डीआयटूचा एखादा भागही १२ स्पीडमध्ये चालत नाही, म्हणून थोडं थोडं करून बदलायची वाटही बंद आहे. तीच रक्कम नव्या सायकलीत घातली तर गिअरबरोबर फ्रेम आणि चाकंही येतात.

आणि एका गोष्टीचा मला मनापासून राग आहे. १२ स्पीडच्या ड्यूरा-एस आणि अल्टेग्रामध्ये शिमानोने मेकॅनिकल ठेवलाच नाही. १०५ चा १२ स्पीड मेकॅनिकल २०२३ मध्ये आला, तोही इलेक्ट्रॉनिकनंतर. जिथे मेकॅनिक पन्नास किलोमीटरवर आणि कंपनीचं सर्व्हिस सेंटर पाचशे किलोमीटरवर आहे, तिथे पाना आणि तारेवर चालणारा उत्तम गिअर मिळायला हवा. रत्नागिरी किंवा गडचिरोलीत लांबच्या राइड करणाऱ्याला तो हक्काने मागता यावा. मागणी कमी म्हणून बंद केलं, असं म्हणणं सोपं आहे. पण दुकानात ठेवलाच नाही तर मागणी दिसणार कुठून?

तेव्हा आधी केबल, आउटर, हँगर आणि कॅसेट करून घ्या, आणि त्याच सायकलीवर दोनशेची एक बीआरएम करा. तरीही मन बटणाकडे ओढत असेल, तर दुकानाच्या दारात दोन फेऱ्या मारून निर्णय घेऊ नका. तिथे सगळेच गिअर छान पडतात. डेमो सायकल अर्ध्या दिवसासाठी मागा, तुमचे नेहमीचे ग्लोव्ह्ज घाला, आणि हात थकल्यावर, चढाच्या मध्यावर, डाव्या हाताने पुढची चकती बदलून बघा. घाम आलेल्या बोटांना दोन बटणं वेगळी ओळखू येतात का, हेही तिथेच कळेल. डीआयटूची दोन बटणं अगदी एकमेकांना लागून असतात आणि जाड ग्लोव्ह्जमध्ये चुकीचं दाबलं जातं. दुकानदार अर्धा दिवस द्यायला तयार नसेल, तर लाख रुपये दुसऱ्या दुकानात खर्च करा.