कोऱ्या चहाचें सोंवळें

चहांत दूध घालावें कीं घालूं नये, हा प्रश्न मासिकाचीं चार पानें अडविण्याइतका महत्त्वाचा नाहीं, असें वाचक म्हणतील. महिन्यापूर्वीं मीही तसेंच म्हटलें असतें. मी स्वतः गेलीं पस्तीस-चाळीस वर्षें बिनदुधाचा चहा पितों. पण त्याविषयीं चार ओळी लिहाव्या असें मला कधीं वाटलें नाहीं. गेल्या महिन्यांत एका घरीं जें पाहिलें, त्यामुळें हा लेख लिहिणें भाग पडलें आहे. आणि तो मी माझ्याच पक्षाविरुद्ध लिहीत आहें, हें आरंभींच कबूल करतों.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें पुण्यांत नवें घर घेतलें आणि मला चहास बोलाविलें. माझे मामा त्या दिवशीं गांवाहून आलेले होते. त्यांनाही बरोबर घेऊन गेलों. मामांचें वय पंचाहत्तरीच्या घरांतलें. जन्म सोलापूर जिल्ह्यांतला, आणि सारें आयुष्य प्राथमिक शाळेंत मुलांस शिकविण्यांत गेलेलें. यजमानानें कांचेच्या किटलींत दार्जिलिंगची पत्ती घातली, मनगटावरील घड्याळाकडे पाहून तीन मिनिटें मोजलीं, आणि पिंवळसर चहाचे पेले आमच्यापुढें ठेवले. मामांनीं संकोचानें विचारलें, "जरा दूध मिळेल कां?"

यजमान हंसला. "आजोबा, दूध घातलें कीं चहा मरतो. सरांना विचारा; सर खरा चहा पिणारे आहेत."

बसलेल्यांपैकीं दोघे-तिघे हंसले. मामांनीं दोन घोट घेतले आणि पेला खालीं ठेवला. मीं माझा पेला मात्र संपविला, आणि 'खरा चहा पिणारा' ही पदवी मिळाल्याबद्दल मनांतून थोडासा सुखावलोंदेखील. तें सुख जिना उतरेपर्यंतही टिकलें नाहीं.

आमच्याकडे चहाचें सोंवळें कांहीं आजचें नव्हे. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें घेतलेल्या चहावरून केवढें ग्रामण्य माजलें, आणि टिळक व रानडे यांच्यासारख्यांवरही प्रायश्चित्ताची पाळी कशी आली, हें सर्वश्रुत आहे. त्या चहांत दूध होतें कीं नव्हतें, याची चौकशी कोणीं केल्याचें माझ्या वाचनांत नाहीं. तेव्हां चहा कोणाच्या हातचा, एवढाच प्रश्न होता. आतां हात कोणाचाही चालतो, पण पेल्यांतला रंग पाहून माणसाची जात ठरते. जुन्या सोंवळ्यास निदान शास्त्राचा आधार असल्याचा दावा तरी होता. या नव्या सोंवळ्याचा आधार काय, तें पाहूं.

'खरा चहा' हा यांचा पहिला शब्द. चहावरील सर्वांत जुना प्रसिद्ध ग्रंथ आठव्या शतकांत चीनमध्यें लू यू यानें लिहिला. आलें, कांदा, संत्र्याची साल वगैरे घालून चहा उकळणाऱ्यांवर त्यानें झोड उठविली आहे, आणि असल्या पेयास गटाराच्या पाण्याच्या पंक्तीला बसविलें आहे. आमचे शुद्धिवादी येथपर्यंत वाचतात आणि पुस्तक मिटतात. तोच लू यू आधणांत मीठ घालावयास सांगतो, हें त्यांच्या गांवींही नसतें. तिबेटांत चहा लोणी आणि मीठ घालून घुसळतात. काश्मिरांतील नून चहांत मीठ, सोडा आणि दूध हीं तिन्हीं पडतात. एवढ्या साऱ्या लोकांस खोटें ठरविल्याशिवाय ज्याचा खरेपणा सिद्ध होत नाहीं, तो खरेपणा फार महागाचा म्हणावा लागेल.

मुळांत पत्ती कोणती, हा प्रश्न आधीं आणि दुधाचा मागाहून. आसामांतील चहा १८३९ सालीं लंडनच्या लिलावांत प्रथम विकला गेला. त्या पानाचा चहा गडद आणि अंगानें जड. पुढें १९३०च्या सुमारास आसामांतच एक यंत्र निघालें. दातेरी रुळांच्या जोड्यांमधून पान चिरडलें जातें, फाटतें आणि त्याचे वळून बारीक दाणे होतात. आपल्या वाण्याकडच्या पुड्यांतली दाणेदार भुकटी ती हीच. हिंदुस्थानांत आज होणाऱ्या चहापैकीं बहुतेक याच जातीचा असतो. ही भुकटी पाण्यांत पडतांच रंग सोडते आणि तुरटपणाही तितक्याच उदारपणें सोडते. दुधांतील कॅसीन नांवाचें द्रव्य त्या तुरट द्रव्यांशीं बांधलें जातें, आणि जिभेस बसणारी ओढ कमी होते. स्वयंपाकघरांतल्या बाईला कॅसीन हें नांव ठाऊक नसेल. परंतु कोणत्या भुकटीला किती दूध लागतें, हें ती रंगावरून अचूक सांगते. उलट दार्जिलिंगच्या पहिल्या खुडणीच्या पानांत दूध ओतलें तर त्याचा नाजूक वास बुडून जातो. एवढें माझ्या विद्यार्थ्याचें म्हणणें मला पूर्ण मान्य आहे. पण हें त्यानें मामांना सांगितलें असतें, तर मामांनीं तें शिक्षकाच्या कुतूहलानें ऐकलें असतें. त्यानें पानाचा गुण सांगितला नाहीं. पाहुण्याचा दोष सांगितला.

आमच्यासारख्या इंग्रजी शिकलेल्यांना साहेबाचा दाखला दिल्यावांचून समाधान होत नाहीं. म्हणून तोही देतों. मोतीहारीस जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेल यानें जानेवारी १९४६ मध्यें लंडनच्या एका सायंदैनिकांत चांगल्या चहाचे अकरा नियम लिहिले. चहा हिंदुस्थानचा किंवा सिलोनचा असावा, साखर नसावी, आणि आधीं चहा ओतून मग त्यांत दूध घालावें, असा त्याचा कटाक्ष. दूध आधीं कीं मागाहून, यावर तो हिरीरीनें भांडतो. दूध मुळींच नको, ही कल्पना त्याच्या भांडणांत शिरतच नाहीं. १९८० सालीं आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनें चहाची चव पारखण्याची रीत ठरवून दिली : शंभर मिलिलिटर पाण्यास दोन ग्रॅम पत्ती, सहा मिनिटें मुरवण. तींतही दूध घालून आणि न घालतां, अशा दोन्ही तऱ्हा मान्य केल्या आहेत. मानक संस्थेस जें ठरवितां आलें नाहीं, तें आमच्या दिवाणखान्यांत एका वाक्यांत ठरतें.

आणि साहेबाचेंच ऐकावयाचें, तर आमच्या आज्या-पणज्यांनीं तें ऐकलें नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. निर्यात होणाऱ्या चहावर १९०३ सालीं पट्टी बसवून तिच्यांतून चहाचा प्रचार सुरू झाला. पुढें १९३०नंतर तो प्रचार या देशांत जोरानें चालला. किटलींत पत्ती घालावी, वर उकळतें पाणी ओतावें, दूध-साखर कपांत मिसळावी, असे धडे चित्रांच्या पाट्यांतून दिले जात. आमच्या घरांनीं चहा घेतला आणि धडा परत केला. पातेलें चुलीवर चढलें. आलें, वेलदोडे, गवती चहा, दूध सारें त्यांत एकत्र उकळूं लागलें. कमी पत्तींत चार माणसांचें भागूं लागलें, ही विकणारांस सोईची गोष्ट नव्हती. या पेयास अडाणी म्हणणारे लोक नकळत त्या जुन्या जाहिरातवाल्यांचीच बाजू घेत आहेत.

प्रकृतीचा मुद्दा मी लौकर आटोपतों. बर्लिन येथें २००७ सालीं सोळा स्त्रियांवर प्रयोग झाला आणि दुधामुळें चहाचा रक्तवाहिन्यांवरील हितकर परिणाम नाहींसा होतो, असें त्यांत दिसलें. इतर प्रयोगांचे निष्कर्ष तसे एकमुखी नाहींत. सोळा बायकांच्या चहावरून गवळ्याचा रतीब बंद करण्याची मला घाई नाहीं.

दूधवाल्यांचाही जुलूम मीं कांहीं थोडा सोसलेला नाहीं. "अहो, चमचाभर तरी घाला, पित्त होईल," असें म्हणून माझ्या कपांत न विचारतां दूध ओतणारे नातेवाईक मला भेटले आहेत, आणि मीं तो चहा मुकाट्यानें घेतला आहे. आमच्या घरीं माझ्यासाठीं वेगळें आधण ठेवावें लागतें. तें ठेवणारीची स्वतःची आवड काय, हें मीं लग्नानंतर बाराव्या वर्षीं विचारलें. आपल्याला चहा मुळींच आवडत नाहीं, असें तिनें सांगितलें. बारा वर्षें ती केवळ सोबत म्हणून घेत होती. आवडीनिवडीवर व्याख्यान देण्याचा माझा अधिकार एवढाच आहे.

माझा कोरा चहा तरी कोणत्या चोखंदळपणांतून जन्मला? १९८७ सालीं मी वसतिगृहांत होतों. स्टोव्ह होता, भुकटी होती, दुधाला पैसे नव्हते. महिन्याअखेरची ती अडचण पुढें पहिल्या तारखेलाही चालूं लागली, आणि नोकरी लागेपर्यंत तिची आवड बनली. आतां तोंडांत दुधाचा चहा धरवत नाहीं, हें खरें. पण ही माझ्या रसनेची कमाई नव्हे. आमच्या खेड्यापाड्यांतून कोरा चहा हें नेहमींच उणेपणाचें नांव होतें. घरांत दूध नसलें म्हणजे पाहुण्यापुढें कप ठेवतांना बाई "मांजरानें आत्तांच दूध सांडलें हो" असें म्हणते. मांजर घरांत नसतें, हें पाहुण्यासही ठाऊक असतें, आणि तो "मला कोराच आवडतो" असें म्हणून तिची अब्रू राखतो. त्या दोन खोट्या वाक्यांत जेवढी सभ्यता आहे, तेवढी त्या कांचेच्या किटलीभोवतीं मला दिसली नाहीं. आणि त्या किटलीभोवतीं मीही बसलों होतों.

जिना उतरून आम्ही रस्त्यावर आलों. मामा बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "बाहत्तरच्या दुष्काळांत खडी फोडायला जात होतों, तेव्हां रोज हाच चहा. जनावरें विकलेलीं, दूध कुठलें? गुळाचा खडा टाकून प्यायचों. तेव्हां त्याला कोणी खरा म्हटलें नाहीं बघ."

मीं कांहींतरी बोलावयास हवें होतें, तें वरच. रस्त्यावर बोलून उपयोग नव्हता. कोपऱ्यावर चहाची गाडी होती. पातेल्यांत दूध, साखर, आलें सगळें एकत्रच उकळत होतें. मामांनीं दोन कप सांगितले, मग माझ्याकडे पाहून गाडीवाल्यास म्हणाले, "त्यांतला एक कोरा होईल कां? आमच्या भाच्याला दूध चालत नाहीं."

गाडीवाल्यानें आजाऱ्याकडे पाहावें तसें माझ्याकडे पाहिलें, दुसरें भांडें विसळलें आणि वेगळें आधण ठेवलें. मामांचा कप तयारच होता. "मामा, तुम्ही घ्या," असें मीं दोनदां म्हटलें. आधण उकळेपर्यंत ते कप हातांत धरून तसेच उभे राहिले. त्यावर साय धरली.