बॅटरी बदलली, रोग तसाच!

इतवारीची गल्ली. पुढे ऑटो, मागे हातगाडी, आणि मधेच बाइक बंद. हॉर्नसुद्धा वाजेना. मिस्त्री म्हणतो, "बॅटरी गेली भाऊ, नवी टाकून घ्या." आपण टाकतो. महिनाभरात पुन्हा तेच!

कारण बॅटरी चार्ज करतात स्टेटर आणि रेग्युलेटर-रेक्टिफायर. तेच बिघडले तर नवी बॅटरीही बसणारच. त्यामुळे पैसे देण्याआधी मल्टिमीटर लावायला सांगा. इंजिनाला थोडी रेस दिल्यावर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत.

आणि दोष कारखान्यातूनच आला असेल तर? मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने इग्निशन कॉइलच्या दोषामुळे सुमारे २ लाख ३७ हजार बाइक परत बोलावल्या. मार्च २०२२ मध्ये पुण्यात ओलाची ई-स्कूटर पेटली, महिन्याभरात कंपनीने १,४४१ स्कूटर तपासणीसाठी मागवल्या. अशा रिकॉलमध्ये दुरुस्ती फुकट असते.

पण आपल्यातले कितीतरी जण सेकंडहँड बाइक चालवतात. रिकॉलचा मेसेज जातो पहिल्या मालकाच्या नंबरवर, आणि रात्री हायवेवर हेडलाइट जातो आपला. कंपन्यांनी आरटीओच्या नोंदीवरून आजचा मालक शोधलाच पाहिजे. कायद्याने सरकारलाही रिकॉलचा आदेश देता येतो, तो अधिकार कागदावरच राहू नये.

तोवर आपण काय करायचं? आरसी स्वतःच्या नावावर करा, सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर देऊन रिकॉल आहे का ते विचारा. पाच मिनिटांचं काम आहे, यार!