धूर ऑक्टोबरात, पेरणी मे महिन्यात

पाऊस उघडला, घरोघर तापाचे रुग्ण निघू लागले की फवारणीचे यंत्र वस्तीतून धूर सोडत फिरते. मागे पोरे धावतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो. पाथरी असो की परभणी, मराठवाड्यातल्या शहरांचा हा वार्षिक सोहळाच झाला आहे. धुराने मरतात ते उडते डास. पाण्यातल्या अळीला त्याचे काहीच होत नाही.

डेंगीची पेरणी मुळात उन्हाळ्यात होते. दिवसा चावणारा एडिस डास गटारात नव्हे, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. (गटारातला क्युलेक्स निराळा, तो हत्तीरोगाचा वाहक.) मे महिन्यात नळाला रोज पाणी नसते. ज्याच्या घरी बोअर आणि झाकणाची टाकी, त्याचे भागते. वस्तीतली बाई ड्रम, रांजण, घागर, मिळेल त्यात पाणी भरून ठेवते. तिला 'कोरडा दिवस पाळा' सांगणाऱ्या साहेबांनी आधी सांगावे, ओतून दिलेले पाणी पुन्हा कधी येणार? भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागताच फुटतात. आठ-दहा दिवसांत डास तयार. पावसाळ्यात टायर, करवंट्या, फुटक्या माठांची भर पडते आणि जुलै ते नोव्हेंबर ताप चढत जातो.

हिवतापाचा परोपजीवी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात सापडला तो १८९७ साली सिकंदराबादेत, म्हणजे पाथरी तेव्हा ज्या निजामी मुलखात होती तिथेच. सव्वाशे वर्षांनंतरही आपले प्रशासन धुरातच चाचपडते आहे.

कायदा मात्र मुका नाही. महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम १९६५ च्या कलम ४९ प्रमाणे गटारांची सफाई आणि आरोग्यापुरते पाणी ही नगरपालिकेची कर्तव्ये आहेत. 'निधी नाही' ही सबब सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात फेटाळली. न्या. कृष्णा अय्यर यांच्यापुढे आलेली तक्रार उघडी गटारे, घाण आणि डासांचीच होती. ती केली होती एका वॉर्डातल्या रहिवाशांनी, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली, दंडाधिकाऱ्यापुढे. तीच तरतूद आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे.

अशा अर्जाला बडा वकील लागत नाही. तुंबलेल्या गटाराची जागा, गेल्या वर्षी किती घरांत ताप आला तो आकडा आणि वस्तीच्या सह्या एवढे पुरे. नळाला पाणी आल्याच्या तारखा लिहून मुख्याधिकाऱ्यांकडे पाण्याची आणि ड्रमच्या झाकणांची मागणी वेगळी करावी, पोच घ्यावी. हे सारे मार्च-एप्रिलमध्ये व्हावे. ऑक्टोबरात अर्ज दिला तर उत्तरादाखल पुन्हा धुराचे यंत्रच येईल.