बोर्ड आपला, उजेड शेजाऱ्यांच्या घरात

गेल्या वर्षी मामूंच्या दुकानावर एलईडीचा बोर्ड लागला. मुंबईच्या उपनगरातल्या एका अरुंद गल्लीत त्यांचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. भाचा सॉफ्टवेअर इंजिनिअर, तेव्हा बोर्ड चालू करून द्यायचे काम साहजिकच माझ्याकडे आले. बाजारात ‘पी-टेन’ नावाने मिळणारे ३२ सेंटिमीटर लांब आणि १६ सेंटिमीटर उंच तुकडे जोडून हा बोर्ड बनतो. एका तुकड्यात उभे १६ ठिपके. तेवढ्यात शिरोरेघ, वेलांटी आणि उकार बसवताना माझी दमछाक झाली. बोर्डासोबत आलेले सॉफ्टवेअर जोडाक्षरे तोडत होते, म्हणून मराठी नाव चित्र करून टाकले. उर्दू ओळ उलट्या दिशेने सरकवावी लागते, नाहीतर शब्दाचा शेवट आधी दिसतो. त्यातही दोन रात्री गेल्या.

नवव्या दिवशी समोरच्या पहिल्या मजल्यावरच्या खाला खाली उतरून आल्या. म्हणाल्या, “बेटा, बोर्ड छान झालाय. पण माझ्या घरात रात्रभर लाल-हिरवं होत राहतं. नातवाची दहावी आहे. पडदा लावला तर जीव गुदमरतो.”

मला खरोखर लाज वाटली. उर्दू ओळ कुठून कुठे सरकावी याचा मी दोन रात्री विचार केला होता. समोर कोण झोपते, याचा दोन मिनिटेही नाही. उजेडाची पट्टी शंभर टक्क्यांवर होती, कारण बोर्ड आला तेव्हा ती तिथेच होती. भर उन्हात वाचता यावा म्हणून अशा बोर्डाला प्रति चौरस मीटर हजारो कँडेला उजेड लागतो. रात्री काहीशे पुरतात. आमच्या कार्डाला उजेड मोजणारा सेन्सर जोडायची सोय होती, सेन्सर मात्र बोर्डासोबत आलाच नव्हता. मी रात्रीचा उजेड दहा टक्क्यांवर आणला आणि दहा वाजता बोर्ड बंद होईल असे टायमर लावले. पाच मिनिटांचे काम होते.

खाला बोलू शकल्या, कारण त्या मामूंना लहानपणापासून ओळखतात. उद्या त्याच गल्लीत एखाद्या कंपनीच्या शोरूमने याच्या दहापट मोठा पडदा लावला, तर त्या कोणाकडे जातील? परवानगी नावाची गोष्ट असते ती यासाठी. ओळख नसलेल्या शेजाऱ्याच्या वतीने कोणीतरी आधीच विचारून ठेवायचे असते: केवढा, किती उंच, किती उजेड, किती वाजेपर्यंत?

मामूंकडे परवानगी नव्हती. बोर्डवाला म्हणाला होता, “एवढ्याशा बोर्डाला कोण विचारतो?” मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ मधले कलम ३२८अ विचारते. स्वतःच्या दुकानावर स्वतःच्या धंद्याचा साधा, न उजळणारा फलक लावायला या कलमाने सूट दिली आहे. फलक प्रकाशित असेल किंवा आकाशचिन्ह असेल, म्हणजे छपरावर वा वर अधांतरी उभा असेल, तर लेखी परवानगी हवी. यातला फरक समजायला वकील लागत नाही. रंगवलेली पाटी आपल्या भिंतीवर राहते. उजेड भिंत ओलांडून दुसऱ्याच्या घरात जातो.

परवानगीला कटकट समजण्याची सवय कुठवर जाते, हे आपण १३ मे २०२४ रोजी पाहिले. घाटकोपरच्या छेडानगरजवळ पेट्रोलपंपावर होर्डिंग कोसळले आणि १७ माणसे गेली. मर्यादा ४० बाय ४० फुटांची, होर्डिंग १२० बाय १२० फुटांचे. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली, महापालिकेची परवानगी नाही. त्याआधी एप्रिल २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये रावेत-किवळे भागात होर्डिंग पडून पाच जण मेले होते. मामूंचा बोर्ड कोणाच्या डोक्यावर पडून जीव घेणार नाही, हे खरे. पण “कोण विचारतो?” हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

आता आपल्या मोहल्ल्यांतली खास सबब. “अर्ज केला की आपण नजरेत येतो. गप्प राहिलेले बरे.” ही भीती मी घरात ऐकली आहे आणि ती हवेतून आलेली नाही, हेही जाणतो. पण तिचा हिशेब करून पाहा. उद्या कारवाई झाली आणि रांगेतल्या दहा बोर्डांपैकी फक्त तुमचाच उतरला, तर तुम्ही काय म्हणाल? “माझ्यावरच का?” प्रश्न रास्त आहे, संविधानाच्या कलम १४ चा आहे. पण हातात कागद नसेल तर तो प्रश्न तोंडातच राहतो. समोरचा एवढेच म्हणतो, “तुमचा बेकायदा होता ना?” परवानगीचा कागद हा सरकारने केलेला उपकार नव्हे. बरोबरीने बोलण्यासाठी पायाखाली लागणारी जमीन आहे ती.

मात्र कागद मागणाऱ्यांकडूनही आपण काही मागितले पाहिजे. एलईडी बोर्डाबाबत लागणारी प्रत्येक गोष्ट मोजता येते: चौरस फूट, जमिनीपासून उंची, दिवसाचा आणि रात्रीचा उजेड, एक चित्र किती सेकंद स्थिर राहावे, किती वाजता बंद व्हावे, सिग्नलपासून आणि खिडकीपासून किती अंतर. मुंबई महापालिकेने २०२४ मध्ये मांडलेल्या जाहिरात धोरणाच्या मसुद्यात डिजिटल फलकांच्या उजेडासाठी ३:१ हे गुणोत्तर आणि रात्री ११ नंतर बंद, अशी मोजमापे होती. दिशा हीच हवी. जिथे मोजपट्टी असते तिथे मर्जीला जागा कमी उरते, आणि दलालालाही.

मोजपट्टीत काय नसावे, हेही स्पष्ट असू द्या. बोर्डावर कोणाचे नाव आहे, कोणती लिपी आहे, हा उजेडाच्या परवानगीचा प्रश्न नाही. पाटीवर मराठी देवनागरीत असावी आणि इतर लिपीपेक्षा लहान नसावी, असा दुकानांसाठी राज्याचा कायदा आहे. मराठी माझी भाषा आहे, मी तो आनंदाने पाळतो. मराठी पाळली की शेजारी उर्दू लिहिण्यात गैर काही नाही. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवरचा मराठीसोबतचा उर्दू फलक सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०२५ रोजी कायम ठेवला. तो सरकारी इमारतीचा फलक होता, दुकानाचा नव्हे. पण लिपीला धर्म चिकटवू नये, हे त्या निकालातून सगळ्यांनीच घ्यावे.

अमेरिकेतल्या अनेक गावांत असा बोर्ड लावण्याआधी स्थानिक नियोजन मंडळापुढे अर्ज जातो, आसपासच्या रहिवाशांना नोटीस मिळते आणि त्यांना उठून बोलता येते. आपल्याकडे खालांना बोर्ड पेटल्यावरच कळले. मोठ्या पडद्यांसाठी तरी आधी विचारण्याची पद्धत इथेही सुरू व्हावी, ही मागणी आपल्या वॉर्डात आपण करू शकतो.

मित्रांनो, सुरुवात आपल्या दारापासून करा. घरच्या दुकानाचा बोर्ड रात्री समोरच्या खिडकीतून पाहा. उजेड कमी करा. अर्ज करा आणि पोच घ्या. ईदच्या शुभेच्छांचा फ्लेक्स विजेच्या खांबाला बांधणारा मित्र असेल तर त्यालाही थांबवा. मग शोरूमच्या पडद्याबद्दल माहिती अधिकारात विचारताना आवाज कापणार नाही.

मामूंचा अर्ज गेला आहे. बोर्डाचे माप, फोटो, जागामालकाची संमती असे सगळे जोडले. उत्तर येईपर्यंत बोर्ड बंद ठेवायचा, हे मी त्यांना पटवले. खरे तर हट्ट केला. गल्लीत बाकीचे बोर्ड चमकत असतात. मामू शटर ओढताना रोज एकदा विचारतात, “सगळ्यांचे चालू, माझाच बंद. हाच का तुझा कायदा?”

याचे उत्तर माझ्याकडे नाही. ते अर्ज घेणाऱ्या खिडकीतून, लेखी आणि वेळेत यायला हवे. आले नाही, तर विचारायला जाताना आता आमच्या हातात पोच आहे.