हरणाला हेलिकॉप्टर, माणसाला हेलपाटे

२०२५ च्या दिवाळीच्या सुमारास माळव्यातल्या शेतांवर एक हेलिकॉप्टर घिरट्या घालत होते. निवडणूक नव्हती, कोणा पुढाऱ्याची सभाही नव्हती. दक्षिण आफ्रिकेहून बोलावलेले तज्ज्ञ काळविटांचे कळप हाकत होते. सोयाबीन निघाल्याने मोकळ्या झालेल्या रानात जाळ्यांचा आणि कापडाचा नरसाळ्यासारखा आडोसा उभारलेला. तोंड रुंद, शेपूट निमुळते. कळप आत शिरला की मागचे पडदे ओढायचे आणि जनावरे सरळ गाडीत चढवायची. या पद्धतीला बोमा म्हणतात. शाजापूर, उज्जैन आणि आसपासच्या भागातून ८४६ काळवीट आणि ६७ नीलगायी, एकूण ९१३ जनावरे अशी पकडून गांधीसागर, कुनो आणि नौरादेहीच्या रानांत सोडण्यात आली. बेशुद्धीच्या इंजेक्शनांचा वापर टाळला गेला, कारण काळवीट मुलखाचा भित्रा. पाठलाग लांबला, हाताळणी आडदांड झाली, तर धसक्याने त्याचे स्नायू निकामी होतात आणि पकडलेले जनावर नंतर दगावते. एवढी काळजी सरकारी कामात क्वचितच दिसते.

तेव्हा आधी कौतुक. पिके फस्त करणाऱ्या जनावरांच्या याच प्रश्नावर बिहारने काय केले, ते आठवावे. जून २०१६ मध्ये मोकामाच्या टाल भागात हैदराबादहून आलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक नीलगायी गोळ्या घालून मारल्या. केंद्राने वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ६२ व्या कलमाखाली तिथे नीलगायीला उपद्रवी ठरवले होते. त्यावरून मनेका गांधी आपल्याच मंत्रिमंडळातले पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांच्यावर जाहीरपणे तुटून पडल्या. दिल्लीत शाब्दिक चकमक झडली, पण बिहारला त्यानंतरही पुन्हा पुन्हा बंदूकच काढावी लागली. मध्य प्रदेशने निवडलेली वाट त्याहून सुसंस्कृत आहे. अर्थात ही निव्वळ भूतदया नव्हे. कुनोत सप्टेंबर २०२२ मध्ये चित्ते आले, एप्रिल २०२५ मध्ये तिथले दोन गांधीसागरात नेले, नौरादेहीत तिसरे घर तयार होते आहे. चित्त्याला भक्ष्य हवे आणि शेतकऱ्याला सुटका हवी. एका दगडात दोन पक्षी मारायला हरकत कोणाची असणार?

पण ९१३ हा आकडा मोठा वाटतो तो बातमीत. नीलगायीला अनेकदा जुळी होतात, आणि तिला खाणारे जनावर माळव्याच्या या पठारावर जवळपास उरलेले नाही. त्यातून उज्जैन जिल्ह्यात जंगल एकूण जमिनीच्या एक टक्काही नाही. ‘माणूस जंगलात घुसला, म्हणून प्राणी शेतात आले’ हे शहरी पालुपद त्यामुळे इथे गैरलागू ठरते. इथला रोजडा (माळव्यात नीलगायीला हेच नाव, विदर्भात रोही) जंगलातून येतच नाही. तो नाल्याकाठच्या झुडपांत, पडीक तुकड्यांत, उभ्या पिकात जन्मतो आणि तिथेच वाढतो. त्याची खरी जागा होती गावाची चरनोई, म्हणजे गायरान. मध्य प्रदेशात दिग्विजयसिंहांच्या कारकिर्दीत गावजमिनीतला चरनोईचा वाटा साडेसात टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आणला गेला. भूमिहीन दलितांना जमीन देण्याचा त्यामागचा हेतू निःसंशय न्याय्य होता, पण गवताचे काय होणार हे कोणी विचारले नाही. गवत गेले, गवत खाणारे राहिले.

भैरवगढ हे उज्जैनचे असेच टोक. काळभैरव, सिद्धवट, मध्यवर्ती कारागृह, मेणाचे थर देऊन कापड रंगवणाऱ्या छिप्यांची घरे, आणि त्यापलीकडे शेते. इथल्या बाटिकला भौगोलिक मानांकन मिळाले, काळभैरवाच्या दारातली गर्दी वाढली, २०२८ च्या सिंहस्थासाठी रस्तेही रुंद होत आहेत. रस्ता रुंद झाला की गाड्यांचा वेग वाढतो. रात्रीचे जेवण उरकून घोंगडी आणि बॅटरी घेऊन राखणीला निघालेला शेतकरी मोटारसायकलवर असतो. बाजूच्या गव्हातून दोन-अडीचशे किलोचा नर उसळून थेट चाकासमोर येतो. जनावर धडपडत उठून पलीकडच्या हरभऱ्यात दिसेनासे होते. माणूस उठत नाही.

सरकारी भाषेत याला काय म्हणायचे? वन खाते ‘हल्ला’ शोधते, पण रोजडा हल्ला करत नाही. तो पळतो, आणि पळताना नियमांच्या हाती लागत नाही. पोलिसांच्या लेखी हा अपघात, पण समोर दुसरे वाहन नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला दोषी वाहन लागते. ते नसेल तर जखमीच्या स्वतःच्या विम्यातले पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण उरते, आणि तेही विमा चालू असेल तर. गावातल्या किती दुचाकींचा विमा चालू असतो, ते कोणत्याही नाक्यावर उभे राहिल्यास कळेल. महसूल खाते फक्त पिकाचे बोलते. चार खाती, चार दारे, आणि ज्याने ती ठोठावायची त्याचा पाय प्लास्टरमध्ये.

जिथे नुकसानभरपाई निःसंशय लागू होते, तिथला हिशोबही तपासण्यासारखा आहे. केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये आपले दर सुधारले. वन्यप्राण्यामुळे मृत्यू किंवा कायमची असमर्थता, दोन्हींना दहा लाख; गंभीर दुखापतीला दोन लाख. मरण आणि कायमचे अंथरूण एका पारड्यात ठेवण्याचे शहाणपण त्यात होते. महाराष्ट्रात मृत्यूला पंचवीस लाख आणि कायमच्या अपंगत्वाला साडेसात लाख. मध्य प्रदेशात बांधवगढमधल्या हत्तींच्या मृत्यूप्रकरणानंतर, नोव्हेंबर २०२४ मध्ये, मुख्यमंत्री मोहन यादव यांनी मृत्यूची रक्कम आठ लाखांवरून पंचवीस लाखांवर नेण्याची घोषणा केली. मृत्यूची रक्कम वाढली हे योग्यच. पण ठळक मथळा झाला तो मृत्यूचा. कमरेखालून लुळा पडलेल्या चाळिशीतल्या माणसाला अजून तीस वर्षे काढायची असतात. लघवीची नळी, पाठीला पडणाऱ्या जखमा, दर महिन्याला शहरातल्या रुग्णालयाची भाड्याची गाडी, आणि त्याच्या उशाशी बसण्यासाठी मजुरी सोडलेली बायको. या संसाराचा खर्च मेलेल्या माणसाच्या संसारापेक्षा कमी असतो, असे कोणत्या अर्थशास्त्राने सांगितले?

ज्या भैरवगढात बसून हा हिशोब मांडायचा, तिथला एक जुना भक्त या बाबतीत आठवतो. महादजी शिंदे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतातून पळताना अफगाण स्वाराने केलेल्या घावाने त्यांचा पाय जायबंदी झाला, तो जन्मभरासाठी. रस्त्याकडेला पडलेल्या महादजींना पखालीच्या बैलावर घालून वाचवले ते राणेखान भिस्त्याने. पुढे महादजींनी काळभैरवापुढे आपली पगडी ठेवून यश मागितल्याचे सांगतात. यश मिळाले, दिल्लीची सूत्रे हाती आली, पण लंगडेपण गेले नाही आणि त्याने काही अडलेही नाही. राणेखानाला त्यांनी भाऊ मानले, जहागीर दिली. भाविक पगडीची कथा ऐकतात आणि पुढे सरकतात. आम्हाला त्या कथेत राणेखान अधिक मोलाचा वाटतो. जायबंदी माणूस दिल्लीपर्यंत पोचू शकतो, वेळेवर कोणी उचलले तर. आजच्या जखमीचा राणेखान व्हायचे ते शासनाने.

ते शासन काय देते? मध्य प्रदेशात दिव्यांगाचे मासिक पेन्शन ६०० रुपये. केंद्राच्या इंदिरा गांधी योजनेतले ३०० रुपये २०१२ पासून हललेले नाहीत, आणि तेही ८० टक्के अपंगत्व असेल तरच. त्याच राज्यात लाडली बहना योजनेत नोव्हेंबर २०२५ पासून १,५०० रुपये मिळतात. बहिणींना मिळू नयेत असे आम्ही म्हणत नाही. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे २४ वे कलम सांगते की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान पंचवीस टक्के अधिक मदत मिळाली पाहिजे. वृद्धाला सहाशे, विधवेला सहाशे आणि दिव्यांगालाही सहाशे, हे या कलमात कसे बसते? महाराष्ट्राने संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचे मानधन दीड हजारांवरून अडीच हजार केले. तेही सुखासुखी झाले नाही. जून २०२५ मध्ये बच्चू कडू मोझरीत उपोषणाला बसले, सहा हजारांची मागणी लावून धरली, तेव्हा कुठे सरकारच्या कानावर गेले. सहाशे रुपयांचे राज्य त्या अडीच हजारांपासूनही फार दूर आहे.

पैशाआधी दिव्यांगत्वाचे कार्ड. चाळीस टक्क्यांखाली पांढरे, त्यावर पिवळे, ऐंशीपासून निळे. रंग ठरवायला वैद्यकीय मंडळ, मंडळासाठी जिल्हा रुग्णालय, तिथे वार ठरलेले. वन खात्याचा पंचनामा या मंडळाला दिसत नाही, मंडळाचा दाखला वन खात्याला माणसाने स्वतः नेऊन द्यायचा. ज्या राज्याला काळविटाचा कळप न बिथरवता गाडीत घालता येतो, त्याला एक कागद एका कार्यालयातून दुसऱ्यात पाठवता येऊ नये?

आणि दिव्यांगत्व नेहमी रोजड्यामुळेच येते असे नाही. पोलिओने पाय गेलेला, डोळ्याने अधू झालेला शेतकरी आधीपासून गावात आहे. राखण त्याला जमत नाही. धडधाकट शेजारी रात्रभर फटाके वाजवतो, हाकारे घालतो. हाकललेला कळप मग अर्थातच जिथे कोणी उभे नाही त्या शेतात उतरतो. वाशीम-अकोल्यात रोही, करमाळा-कर्जतच्या माळावर काळवीट, सगळीकडे गणित हेच. मध्य प्रदेशात पिकाची भरपाई महसुली परिपत्रक ६-४ खाली मिळते आणि नुकसान पंचवीस टक्क्यांवर गेले तरच. रोजडा पंचनाम्याच्या सोयीने चरत नाही. दोन ओळी इथे, चार तिथे, कोवळे शेंडे खुडायचे आणि खाण्याहून जास्त तुडवायचे. पटवारी येतो, बांधावरून नजर टाकतो, वीस टक्के लिहितो. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये पीकविम्यात वन्यप्राण्यांचे नुकसान घेण्याचा निर्णय जाहीर केला, २०२६ च्या खरिपापासून. पाऊल स्वागतार्ह. अट अशी की ७२ तासांत मोबाइलच्या ॲपवर ठिकाणासह छायाचित्रे टाकायची. शेताच्या बांधापर्यंत जायला ज्याला आधार लागतो, त्याने ती कशी टाकावीत, याचे उत्तर त्या निर्णयात नाही.

उपाय फार अवघड नाहीत. बोमाची मोहीम एका हंगामाचा सोहळा न राहता दर वर्षी, आधी गणती करून, व्हायला हवी. पंचायतींच्या ताब्यातली उरलीसुरली चरनोई कुंपण घालून गवताखाली आणावी. पकडून नेलेल्यांची जागा नव्यांनी घेऊ नये यासाठी तेवढाच टिकाऊ मार्ग आहे. कुंपणाच्या अनुदानात दिव्यांग शेतकऱ्याचा पहिला हक्क मानावा. विकास योजनांत पाच टक्के वाटा राखून ठेवण्याचे बंधन दिव्यांग हक्क कायद्याच्या ३७ व्या कलमाने आधीच घातले आहे. विम्याची तक्रार ग्रामपंचायतीतल्या कोणीही त्याच्या वतीने नोंदवावी. आणि रस्त्यावर रोजड्याशी झालेली धडक वन्यप्राण्याने केलेली इजा म्हणून धरावी, कायमच्या अपंगत्वाची रक्कम मृत्यूइतकी करावी, पंचनाम्याबरोबरच वैद्यकीय मंडळाची तारीख जखमीच्या हाती पडावी. यातल्या बहुतेक गोष्टींसाठी विधानसभेत विधेयक आणावे लागत नाही. वन, महसूल आणि सामाजिक न्याय या तीन खात्यांचा एक संयुक्त आदेश पुरतो. सहाशेचा आकडा मात्र अंदाजपत्रकातच बदलावा लागेल, आणि तो बदलण्यासाठी भोपाळने मोझरीसारख्या उपोषणाची वाट पाहू नये.